जमनाफुईचा काळा फोम

पौषातली सकाळ होती. धुळ्याला आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत मी प्रुफं वाचत बसले होते. दाराशी जीप थांबली आणि उस्मानभाई आत आले. नंदुरबारच्या रेडिओ दुरुस्ती केंद्राची जीप ते चालवत. सुट्या भागांच्या पेट्या न्यायला अधूनमधून धुळ्याला येत आणि आले की माझ्या फुईचा, म्हणजे आत्याचा, निरोप हमखास आणत. निरोप ठरलेला असे, "पोरले सांगजो, येळवर जेवत जाय." त्या दिवशी मात्र त्यांची टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती. म्हणाले, "बेटी, बाई गेल्या." मी विचारलं, "कुठं?" ते बाकड्यावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिले... मग म्हणाले, "पेट्या घ्यायला गेलो तर कडी आतून. खिडकीतून किती हाका मारल्या. झोपेतच गेल्या बघ."

जमनाफुई म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, धाकटी बहीण. आमचं घर मूळचं तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांचं. आबांनी जमीन चुलतभावांच्या हवाली केली आणि नंदुरबारला पायानं चालवायचा एक छापखाना घातला. जिनिंगमधल्या मजुरांची पत्रकं, कुळांची पत्रकं, स्त्रियांच्या हक्कांची पत्रकं तिथं छापली जात. मी अक्षरं शिकले ती पाटीवर नव्हे, शाई न वाळलेल्या त्या पत्रकांवर. फुई त्याच घरात मागच्या खोलीत राहायची. तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली होती आणि 'माहेरी चार दिवस राहून ये' म्हणून तिला तापीच्या अलीकडे आणून सोडलं होतं. ते चार दिवस पुढं कधी संपलेच नाहीत. नवरा पलीकडच्या गावात धडधाकट होता, म्हणून फुई कुंकू लावी आणि सवाष्ण म्हणून तिला गल्लीतून हळदीकुंकवाची बोलावणी येत. ती जाई, ओटी घेई, परत येई. कुणी तिच्या नवऱ्याचं नाव काढत नसे. तिला तिच्या जागी बसवून ठेवण्याची ती एक रीत होती.

पुढं पंचायतींना सरकारी रेडिओ मिळू लागले. लाकडी खोकं, खाली विटेएवढी जड कोरडी बॅटरी आणि बाहेर झाडाला टांगलेला कर्णा. नंदुरबारला दुरुस्ती केंद्र निघालं आणि फुई तिथं झाडलोटीला लागली. तळोदा, धडगाव, खापर इथल्या कारागिरांना नंदुरबारहून सुटे भाग जायचे. त्यात काचेचे व्हॉल्व्ह असत आणि घाटाच्या रस्त्यानं त्यांतले किती तरी फुटून पोचत. ही बांधाबांध फुईनं कुणी न सांगता आपल्याकडे ओढून घेतली. पिंजाऱ्याकडून पिंजलेला कापूस, तळाला भाताचा तूस, मधे वर्तमानपत्राचे चोळामोळा केलेले बोळे. पेटी बांधून झाली की ती उचलून ओट्यावरून खाली टाकी. केंद्राचे साहेब दचकून उठत. फुई शांतपणे म्हणे, "पडू द्या. घाटमा पडनार शेच ती, आठेच पडी घेऊ द्या." नर्मदाकाठच्या मणिबेलीचा रेडिओ तर जीपनं, मग माणसाच्या डोक्यावरून आणि शेवटी नावेतून जायचा. उस्मानभाई परतले की ती विचारी, "वाजस का तो?" ते म्हणत, "वाजतो बाई. गाणं लागलं की सगळे बसतात, भाषण लागलं की हसतात." त्या कर्ण्यातून येणारी भाषा त्या डोंगरात कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. मी चिडून म्हणायची, असल्या रेडिओचा त्यांना उपयोग काय? फुईचं उत्तर असे, "हसतस ना? मंग."

पगार सुरू झाल्यावर तिनं केंद्रामागच्या गल्लीत एक खोली घेतली. भावाचं घर असताना बाईनं वेगळी खोली घ्यावी हे कुणाला रुचलं नाही. पण आबांनी त्या वेळी तिची बाजू घेतली. एवढं श्रेय मी त्यांना देते.

साठ सालानंतर ट्रान्झिस्टर आले. केंद्राचे सबनीससाहेब मोठे हौशी आणि सरळ गृहस्थ होते. त्यांनी फुईला टेबलाशी बोलावून तळहातावर एक वस्तू दाखवली. काळ्या रंगात बुडवलेली काचेची इवलीशी नळी, तिला केसासारखे तीन पाय. शेजारी त्याहून बारीक, नुसत्या काचेच्या कांड्या. साहेब म्हणाले, "बाई, हे परदेशातून आलंय. आत कापूरवडीएवढा तुकडा आहे, त्यावर सगळा रेडिओ चालतो. सोन्यासारखं जपा." ते भाग शिशाच्या पातळ करड्या कागदात गुंडाळून आले होते. फुईनं कागद उलटासुलटा करून पाहिला. तिला तो अगदीच हलका वाटला. "हाऊ तं सिगारेटना पाकिटना कागद. सोनं कोनी असामा बांधस का?" साहेब हसले. कारखान्यानं तो कागद का घातला असेल, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

आमच्याकडे सोनं कशात बांधतात? रेशमात. देवाचे टाक रेशमात, नथ रेशमात, बाळाचं जावळ रेशमात. फुई खोलीवर गेली आणि तिनं ट्रंकेतून तिचा लग्नातला शालू काढला. तिनं तो का कापला याची मी पुष्कळ कारणं नंतर शोधली. तिनं स्वतः एकच सांगितलं, रेशीम मऊ असतं आणि पेटीत पडून ते कुणाला उपयोगी नव्हतं. जरीचे काठ तिनं वेगळे काढून ठेवले आणि बाकीच्या अंगाचे विड्याच्या पानाएवढे चौकोन केले. एकेक भाग त्यात गुंडाळून वर दोरा बांधला. थंडीचे दिवस होते. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या आणि हवा इतकी कोरडी की हातापायांना भेगा पडलेल्या. जीप तळोद्यावरून पुढं खापरपर्यंत गेली. खापरच्या कारागिरानं ते भाग लावले आणि निरोप पाठवला की बरेचसे मेलेले आहेत. तळोद्याहूनही तसाच निरोप आला.

मग वरून एक अधिकारी चौकशीला आले. ओट्यावर खुर्ची टाकून बसले. हा सारा प्रसंग उस्मानभाईंनी मला इतक्या वेळा सांगितलाय की मीच तिथं होते असं मला वाटतं. अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. बाजारात या भागांना चांगली किंमत येते. पेटी बांधायचं काम एकाच हाताकडे आहे. चांगले भाग काढून कुणी मेलेले भरले असतील तर तो हात कुणाचा, हे उघड आहे. नवऱ्यानं टाकलेली, एकटी राहणारी बाई... हे त्यांनी म्हटलं नाही, पण ओट्यावरच्या सगळ्यांना ते ऐकू आलं. फुईच्या हातातून त्या दिवशी नोकरी आणि खोली जाणार होती आणि तिच्या कपाळी 'चोर' हा शब्द कायमचा बसणार होता. सबनीससाहेबांनी मधेच विचारलं, "बाई, बांधले कशात होते?" ती म्हणाली, "चिंध्यास्मा." "कसल्या चिंध्या? आणा पाहू." तिनं आतून उरलेला एक चौकोन आणला. साहेबांनी तो बोटांत धरून चोळला. मग उठून बॅटरीचं ॲसिड मोजायची काचेची नळी त्यांनी कपाटातून काढली. त्या रेशमानं ती खसाखसा घासली आणि उस्मानभाईंना म्हणाले, "तंबाखू काढा." पुडीवर नळी धरताच तंबाखूची भुकटी उडून नळीला चिकटली. शाळेतल्या पुस्तकातला हा पहिला प्रयोग आपण सगळे पाठ करतो. काच आणि रेशीम घासलं की वीज तयार होते. घाटाच्या प्रत्येक खड्ड्यात फुईचा शालू त्या काचेला घासत गेला होता आणि त्या विजेनं आतले इवले तुकडे मारले होते.

अधिकाऱ्यांनी तो चौकोन हातात घेऊन विचारलं, "हे भारी कापड आहे. कुठून आणलं?" इथं फुईला दोन वाटा होत्या. बाजारातून आणलं म्हणाली असती तर दुकानाचं नाव विचारलं असतं आणि चोरीचा संशय पुन्हा वर आला असता. खरं सांगितलं तर चोर नाही हे सिद्ध होत होतं. पण नवरा जिवंत असताना लग्नाचं वस्त्र कापणारी बाई आमच्याकडे काय ठरते, ते तिला चांगलं माहीत होतं. ती नवऱ्याचं मरण चिंतणारी ठरते. ओट्यावर मिस्त्री होते, शिपाई होते, फाटकाशी पेट्या वाहणारे हमाल होते. फुई म्हणाली, "हाई मन्हं लगननं लुगडं शे." उस्मानभाई सांगतात, आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. मी पुढं विचारलं, तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "चोर म्हनी ऱ्हायनात. मंग काय करू? लुगडं लपाडू का मालेच लपाडू?"

साहेबांनी प्रामाणिकपणे शहानिशा केली. काही भाग रेशमात आणि काही त्या शिशाच्या कागदात बांधून जीपमधून खापरपर्यंत फिरवून आणले. रेशमातले बरेचसे मेले, कागदातले जगले. चोरीचं बालंट गेलं, नोकरी राहिली. पण दिवेलागणीच्या आत शालूची बातमी गल्लीत आणि दोन दिवसांत तापीकाठच्या भाऊबंदांत पोचली होती. चुलते छापखान्यात येऊन बसले. ही बाई तुमच्या घरी येत-जात राहिली तर तुमच्या पोरीची सोयरीक कोण करील, असं त्यांनी आबांना विचारलं. पोरगी म्हणजे मी. आतल्या खोलीत कागदांच्या घड्या घालत मी सगळं ऐकत होते. ते गेल्यावर मी म्हटलं, "आबा, गेल्याच महिन्यात तुम्ही छापलंत, बाई ही नवऱ्याची वस्तू नाही." आबा खिळे जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, "छापानं येगळं ऱ्हास." त्या वर्षीपासून भाऊबीजेला फुईला बोलावणं गेलं नाही. हळदीकुंकवाची बोलावणी तर त्याच आठवड्यात थांबली होती. माझ्या नावानं झालेला हा त्याग मी मागितलेला नव्हता. तो मला नकोच होता. सोयरीक झाली नाही, मीच ती करू दिली नाही. शिक्षण संपलं आणि मी धुळ्याला निघून आले.

फुईचं काम मात्र त्यानंतर खऱ्या अर्थानं सुरू झालं. शिशाचा कागद मोजकाच होता आणि उघडताना फाटायचा. साहेब म्हणाले, आता असं काही हवं की जे धक्का सोसेल, पण वीज साठवणार नाही. पिंजलेला कापूस पावसाळ्यात ओल धरी आणि तारांचे पाय गंजत. सावरीचा कापूस थंडीत हाताला लागला की सुटेना. मग मोटारींच्या गाद्या शिवणाऱ्याकडून तिनं पिवळ्या फोमचे उरलेसुरले तुकडे आणले. मऊ इतके की ते भरलेली पेटी ओट्यावरून कितीही टाका, आतल्या वस्तूला पत्ताच लागत नसे. साहेब खूश झाले. फुई झाली नाही. फोम कातरताना उडालेला चुरा तिच्या मनगटांना चिकटला होता. झटकला तरी पडेना, फुंकला तरी हलेना. तिनं हात साहेबांपुढं धरला. "चिकटस ते वाईट. सुटी पडस ते चांगलं." थोडं थांबून म्हणाली, "मानससनं उलटं शे."

मिठाच्या पाण्यात फोम भिजवून पाहिला, तार गंजली. केंद्राच्या परसात संपलेल्या बॅटऱ्यांचा ढीग असे. त्यातली काळी पूड फोमला चोळली तेव्हा चुरा चिकटायचा थांबला. पण पुडीत नवसागर होता, कल्हईवाले वापरतात तोच. त्यानंही तारेचे पाय हिरवे पडले. तेव्हा साहेबांनी सुचवलं की बॅटरीच्या पोटातली कोळशाची कांडी तेवढी घेऊन पाहू. फुईनं कांड्या धुतल्या, उन्हात वाळवल्या, खलबत्त्यात कुटून काजळासारख्या बारीक केल्या. डिंकाच्या पातळ पाण्यात ती पूड कालवून फोम त्यात पिळून पिळून भिजवला आणि वाळत टाकला. वाळल्यावर साहेबांनी मीटरची दोन टोकं त्याला लावली. काटा जरासा हलला. साहेब म्हणाले, "बाई, जमलं. वीज याच्यात थांबणार नाही, चालू लागेल." त्या काळ्या फोममध्ये ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय एकत्र खोचायचे आणि वर फोमचाच दुसरा तुकडा ठेवायचा. पुढच्या थंडीत खापरहून मेलेल्या भागांची तक्रार आली नाही. शोध दोघांचा होता. दोघांनीही तो शोध आहे असं कधी म्हटलं नाही.

त्याच सुमारास मी एक लेख लिहिला होता. शालू फाडणाऱ्या स्त्रीवर. बेड्या, जळमटं, वणवा, सगळं त्यात होतं. सुट्टीत जाऊन तिला वाचून दाखवला. खलबत्त्याचा आवाज मधेमधे चालूच होता. संपल्यावर म्हणाली, "फाडं नही वो पोरी, कापं. धागा धरीसन, सरळ कापं." मी म्हटलं, मुद्दा तो नाही. ती म्हणाली, "माले पत्रकमा नको बसाडू. तठे भलती गर्दी ऱ्हास." लेख मी छापला नाही. आज हे लिहिताना ती गर्दी टाळायचा प्रयत्न करते आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या समाजानं चोर की अपशकुनी यांतलं एक निवडायला तिला लावलं, त्यानं स्वतःकडे कधी वळून पाहिलं नाही. ज्यांच्या पत्रकांवर मी वाढले, त्यांनीही नाही.

ती एकटी होती. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. सबनीससाहेबांची बदली झाली, नवे साहेब कामापुरतं बोलत. एका भाऊबीजेला मी नंदुरबारला गेले तर केंद्राला सुट्टी आणि फुई ओट्यावर पेट्या बांधत बसलेली. उस्मानभाईंना डोंगरात निघायचं होतं. ताटात निरांजन घेऊन ती उठली आणि जीपच्या तोंडाला तिनं ओवाळलं. उस्मानभाई हसत म्हणाले, "बाई, इंजिनाला ओवाळता, आम्हाला नाही?" ती म्हणाली, "तुमना भरोसा नही. जीप तं येस येळवर." मग त्यांच्याही कपाळाला तिनं टिळा लावला आणि त्यांनी खिशातला आवळा तिच्या ताटात टाकला. आम्ही तिघंही हसलो. जीप गेली... धूळ बसेपर्यंत ती ताट धरून उभी होती. मी संध्याकाळच्या गाडीनं धुळ्याला परतले. तिनं थांब म्हटलं नाही. असं कधी कुणाला म्हणायची सवय तिनं सोडून दिली होती.

त्या पौषातल्या दिवशी उस्मानभाईंच्या जीपमधून मी नंदुरबारला पोचले तेव्हा खोलीत बायका जमल्या होत्या. इतक्या वर्षांत या उंबऱ्याला न शिवलेल्या बायका. सवाष्ण गेली म्हणून त्यांच्यात लगबग होती. हळद आणली होती, हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर बाईनं मला विचारलं, "हिना लगनना शालू कथा शे? सवाष्णले लगनना शालूमा धाडतस." मग तिचं तिलाच आठवलं आणि ती बांगड्यांकडे वळली. मी ट्रंक उघडली. तळाशी जरीचे दोन काठ घडी करून ठेवलेले होते. तेच मी तिच्या रोजच्या लुगड्यावरून, खांद्यापासून पायापर्यंत घातले. एक जण ओल्या फडक्यानं तिची बोटं चोळत होती. नखांच्या कडांना काळी पूड बसली होती, ती निघत नव्हती. मी म्हटलं, "राहू द्या, निघणार नाही ती." नवऱ्याकडून कुणी आलं नाही. अग्नी आबांनी दिला.

तेराव्यानंतर खोली रिकामी करायला मी आणि आबा गेलो. आबा त्या खोलीत दुसऱ्यांदाच येत होते, पहिल्यांदा आले ते तिला स्मशानात न्यायला. घरमालक रंगाचा डबा घेऊन दारात उभा होता, नवा भाडेकरू यायचा होता. आबा खिडकीशी गेले. तिथले सगळे गज हिरवे, एकच गज मधोमध वीतभर उघडा पडून भांड्यासारखा लखलखत होता. त्यांनी विचारलं, "हाऊ गज आठेच का घसायना?"

मी सांगितलं. कामावर ट्रान्झिस्टर उचलण्याआधी जमिनीत गेलेल्या नळाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज निघून जाते, असं साहेबांनी तिला शिकवलं होतं. पुढं एका हिवाळ्यात मी लोकरीचा स्वेटर घालून आले आणि तिनं माझ्या गालाला हात लावताच चटका बसला. दोघी दचकलो. तेव्हापासून मी आले की ती आधी खिडकीपाशी जाई, गज मुठीत धरी आणि मगच माझ्या तोंडावरून हात फिरवी. लाकडी चौकटीतल्या गजाचा तसा काही उपयोग नाही, हे मी तिला सांगितलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. मी वर्षाकाठी दोनदा-तीनदा जायची. तेवढ्यानं लोखंड असं झिजत नाही. कुणी येणार नसतानाही ती तो गज धरत असली पाहिजे...

आबांनी हात गजाकडे नेला आणि अर्ध्यावरून मागं घेतला. म्हणाले, "चाल, कुलूप लाव." मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं." ते पायऱ्या उतरून गेले. घरमालकही डबा ठेवून गेला. मी गज मुठीत धरला. थंड होता. गज सोडला की हात कुणाच्या तरी गालाला लावायचा असतो. खोलीत कुणी नव्हतं.